आधी बस, मग विचार

११ जानेवारी

दादा,

काल वहिनीला फोनवर सांगितलं तेच आधी पुन्हा लिहिते. म्हणजे हे पत्र फाडायचंच झालं, तर निदान एवढं वाचून फाडशील. टिंगू माझ्याकडे आहे. सुखरूप आहे. जेवतोय, झोपतोय. आत्ता समोर खिडकीपाशी बसलाय आणि माझी इस्त्री केलेली चादर चुरगाळतोय. सहा फुटांच्या पोराला अजून टिंगू म्हणायचं का, असं मी विचारलं. म्हणाला, चालेल.

पत्र लिहिण्याचं कारण साधं आहे. फोनवर तू ओरडशील आणि मी फोन ठेवून देईन. पत्रावर कितीही ओरडलास तरी मला ऐकू येणार नाही. शिवाय गेली चार वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, तो प्रश्न आहेच.

इतक्यात येऊ नकोस. ही माझी अट नाही, त्याची विनंती आहे. तो वीस वर्षांचा आहे आणि त्याने जेवढी मुभा दिली तेवढंच मी लिहिणार आहे. कामावर हा आमचा नियमच आहे, आता तो घरातही लागू.

तू माझ्या कामाबद्दल कधी विचारलं नाहीस. लोकांना मात्र सांगितलंस की बहिणीने हॉस्पिटलच्या वॉर्डातली चांगली नोकरी सोडली आणि गाडीतून भटकायचं धरलंय. तर ऐक, मी भटकते कशी ते. एखाद्या तरुण पोराला किंवा पोरीला जगणं नकोसं झालं, किंवा मनाचा तोल पार गेला, तर कुणीतरी आमच्या नंबरवर फोन करतं. पूर्वी अशा वेळी पोलीस जायचे, नाहीतर सायरन वाजवत रुग्णवाहिका यायची. सगळी गल्ली जमायची आणि त्या पोराची उरलीसुरली लाज चव्हाट्यावर यायची. आता आम्ही जातो. साधी राखाडी गाडी, सायरन नाही, अंगावर गणवेश नाही. गाडीत ड्रायव्हर, नर्स म्हणून मी आणि एक समुपदेशक. त्याला आम्ही सगळे 'सावकाश' म्हणतो. आग लागली तरी हा बाबा आधी विचारेल, कुठे लागली, कशी लागली, बसून बोलूया का.

गुरुवारी दुपारी आमच्या ऑफिसात फोन आला. मुलगा स्वतःच बोलत होता. त्याने नाव सांगितलं नाही, फक्त पत्ता दिला. मला तो पत्ता ओळखीचा नव्हता. टिंगूने वसतिगृह सोडून भाड्याची खोली घेतली होती, हे मला कुठून कळणार? बहुतेक तुलाही कळलेलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरची खोली. आम्ही येईपर्यंत दार उघडं ठेव असं फोनवर सांगतात, तसं त्याने ठेवलं होतं. मी पुढे होते. आत अंथरूण, पुस्तकं, न धुतलेले कप, आणि भिंतीला टेकून उभा तुझा मुलगा. मला बघून त्याचा चेहरा कसा झाला ते लिहून सांगता येणार नाही. तो म्हणाला,

"आत्या, बाबांना सांगितलंस का?"

दादा, त्याने पहिलं हे विचारलं. मी नाही म्हटलं. मग आणखी एक गोष्ट करावी लागली आणि ती मला सर्वांत जड गेली. आपल्या माणसाचं काम आपण हाताळायचं नाही, असा आमच्याकडे सक्त नियम आहे आणि तो बरोबर आहे. आत्या म्हणून आत गेले असते तर मी रडले असते, रागावले असते, वचनं मागितली असती. त्याला त्या वेळी यातलं काहीच नको होतं. मी म्हटलं, "हा सावकाश. या कामात माझ्यापेक्षा चांगला आहे. मी इथे जिन्यात बसते. कुठे जाणार नाही." आणि खरोखर जिन्यात जाऊन बसले.

आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. शेजारची एक बाई पिशवी घेऊन वर आली आणि विचारून गेली, गॅसवाले का तुम्ही? मी म्हटलं, तसंच काहीसं.

बऱ्याच वेळाने दोघं बाहेर आले. टिंगूच्या पायात बूट होते, नाड्या सुटलेल्या. त्याने मनाशी काय ठरवलं होतं ते मी लिहिणार नाही. पण ते करण्यासाठी जे काही जवळ ठेवलं होतं, ते सावकाशने त्याच्याच हातून बाहेर काढवलं. संध्याकाळी डॉक्टरांनी त्याला तपासलं. दवाखान्यात ठेवायचं की घरी, यावर डॉक्टर, टिंगू आणि मी असे तिघं बोललो. घर ठरलं, पण घरात चोवीस तास कुणीतरी हवं आणि औषधं माझ्या ताब्यात हवीत, या अटीवर.

मी घाबरले नव्हते. हे माझं रोजचं काम आहे. तूही घाबरू नकोस.

बहीण

२० जानेवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं, पाच मुद्दे, खाली सही. शाळेच्या कागदावर नव्हतं एवढंच. मी तुझी विद्यार्थिनी नाही, म्हणून क्रमाने उत्तर देणार नाही.

त्याला ताबडतोब घरी पाठव, असं लिहिलं आहेस. नाही पाठवणार. तो म्हणेल त्या दिवशी मी स्वतः बॅग भरून देईन.

गोळ्यांची गरज नाही, पहाटे उठवा आणि पळायला लावा, हा तुझा तिसरा मुद्दा. तुला मधुमेह आहे, दादा. तू पळून तो घालवलास का? टिंगू कित्येक आठवडे धड झोपलेला नव्हता. झोप नसलेल्या डोक्याला खरं आणि खोटं एकाच रंगाचं दिसतं. गोळीने आधी त्याला झोप दिली. बाकीचं हळूहळू होईल. सावकाश आठवड्यातून दोनदा त्याला भेटतो. ते काय बोलतात ते मला माहीत नाही आणि मी विचारत नाही. विचारावंसं खूप वाटतं, तरी विचारत नाही.

नातेवाइकांत बोभाटा नको, हेही लिहिलंस. मी कुणाला सांगितलेलं नाही. पण ते तुझ्या अब्रूसाठी नाही, त्याच्यासाठी. त्याला सांगावंसं वाटलं तर तो गावभर सांगेल आणि मी बाजूला उभी राहीन.

आता पाचवा मुद्दा. 'पोटी मूल असतं तर कळलं असतं.' तू हे वाक्य टिंगूच्या ताईच्या लग्नात जेवणाच्या पंगतीसमोर बोलला होतास, तेव्हा मी ताटावरून उठले होते. तुझी मुलं तुझ्यासमोर बोलत नाहीत, घाबरतात, एवढंच मी म्हटलं होतं. त्या दिवसापासून आपलं बोलणं बंद आहे. आज तेच वाक्य तू टाइप करून पाठवलंस आणि गंमत म्हणजे मला काहीच झालं नाही. ज्याच्यावरून ते बोललास तो खिडकीपाशी बसून अंडं सोलत होता, आणि त्याला माझ्याकडे राहायचं होतं. त्या वाक्याला आता धार उरलेली नाही. ते ठेव जपून, नाहीतर टाकून दे.

एक गोष्ट मात्र शिकून घे. शिक्षक आहेस, तुला शिकवलेलं पटकन कळतं. अशा मुलाला 'असं काही वेडंवाकडं मनात आणू नकोस' म्हणायचं नाही. सरळ विचारायचं, मरायचा विचार मनात येतो का? तुला वाटेल, विचारल्याने विचार डोक्यात भरेल. भरत नाही. तो आधीच तिथे असतो, एकटा, दार लावून. कुणीतरी नाव घेऊन विचारलं की पोराला पहिल्यांदा वाटतं, हे दुसऱ्या माणसाशी बोलता येतं. विचारायचं आणि मग गप्प बसायचं. उत्तर ऐकून तोंड वाकडं करायचं नाही. आणि विचारण्याआधी खाली बसायचं. उभ्या माणसाला कुणी खरं सांगत नाही.

आरशासमोर सराव कर. हसू नकोस, आम्ही सगळे करतो.

बहीण

४ फेब्रुवारी

दादा,

आज त्याने आणखी एक गोष्ट लिहायची परवानगी दिली. खरंतर लिहीच म्हणाला. मी दोनदा विचारून घेतलं.

दिवाळखोर माणूस जसा हसऱ्या चेहऱ्याने बाजारात फिरतो, तसा तो गेले सहा महिने फिरत होता. वर्गात जाणं बंद झालं होतं. मित्रांना सांगायचा, घरी काम आहे. घरी सांगायचा, मित्रांबरोबर आहे. रविवारी तुझा फोन यायचा. अभ्यास कसा चाललाय? चांगला. जेवतोस ना? हो. आईला देऊ? दे. दर रविवारी हेच. एका रविवारी त्याने धीर केला. म्हणाला, बाबा, मला बरं वाटत नाही, काहीच करावंसं वाटत नाही. तू म्हणालास,

"नाटकं बंद कर आणि पुस्तक उघड."

तुला कदाचित आठवतही नसेल. तू दिवसाला चाळीस मुलांना हे म्हणतोस आणि त्यातली एकोणचाळीस खरोखरच नाटकं करत असतात.

हे वाचून तू काय करशील ते मला माहीत आहे. आधी मी असं म्हणालोच नाही म्हणशील. मग वहिनीला विचारशील. मग जेवणार नाहीस. तिन्ही करून झालं की पुढचं वाच.

तुझ्यामुळे हे झालं नाही. एका वाक्याने कुणी आजारी पडत नाही. डॉक्टरांनी त्यालाही हे समजावलं आणि मीही लिहून देते. तो आजारी होता, तुझ्या वाक्याआधीही. त्या वाक्याने फक्त एक झालं. ज्या दारावर त्याने टकटक केली ते उघडलं नाही. दार उघडता येतं, दादा. बिजागरी अजून शाबूत आहे. नाहीतर परवा अंघोळ करून आल्यावर त्याने मला विचारलं नसतं की बाबांची साखर आता किती असते.

आणि पहिल्या पत्रात मी एक थाप मारली होती. घाबरले नव्हते म्हणून लिहिलं ना? त्या जिन्यात बसले तेव्हा आतल्या प्रत्येक आवाजाला उठून मी दारापर्यंत जात होते आणि परत येऊन बसत होते. इतकी वर्षं हे काम केलं, शेकडो दारं बघितली. स्वतःच्या घरचं दार असलं की सगळं शिकलेलं पातळ होतं. आमच्या प्रमुखबाईंनी मला पंधरा दिवस गाडीवर घेतलंच नाही, घरूनच फोन घ्यायला बसवलं. मी भांडले. त्या बरोबर होत्या. आता डॉक्टरांनी चोवीस तासांची अट सैल केली आहे, म्हणून पुन्हा गाडीवर जाते.

ये आता. तो हो म्हणालाय. एक रात्र राहा, जास्त नाही. उपदेश आणू नकोस, फळंही आणू नकोस, तो काही बाळंतीण नाही. त्याचं जुनं निळं जॅकेट आण, थंडी वाजते त्याला.

बहीण

२३ फेब्रुवारी

दादा,

घरी पोहोचल्यावर तू वहिनीला म्हणालास, जायला नको होतं, सगळं बिघडवलं. वहिनीने मला कळवलं. म्हणून हे लगेच लिहिते, तू स्वतःला शिक्षा करायला लागण्याआधी.

काय झालं ते मी बघितलं होतं. तू दिवसभर बरा वागलास. जॅकेटबरोबर फळंही आणलीस, ते माफ. दुपारी तू भविष्याबद्दल बोलायला लागलास, एक वर्ष वाया गेलं तर काय काय करता येईल वगैरे, आणि टिंगू उठून आत गेला. मी मुद्दाम मध्ये पडले नाही. तू भांडी घासायला घेतलीस. माझ्या आयुष्यात मी तुला भांडी घासताना पहिल्यांदा पाहिलं. कढईचा तळ काळाच ठेवलास, पण असो.

चहाच्या वेळी तो बाहेर आला. तू त्याच्याशेजारी बसलास आणि विचारलंस. आवाज शाळेतल्या हजेरीसारखा आला, शब्द मात्र नीट होते. मरायचा विचार येतो का आताही? तो म्हणाला, येतो कधीकधी. आधीसारखा नाही.

आणि तू उठलास आणि बाहेर निघून गेलास.

तुला वाटतं तू तिथे नापास झालास. ऐक, नंतर काय झालं. टिंगू म्हणाला, रागावले. मी म्हटलं, थांब, बघू. आम्ही खिडकीतून बघत होतो. तू समोरच्या फुटपाथवर कुरिअरच्या दुकानाच्या पाटीला हात टेकून उभा होतास. दुकानदार बाहेर येऊन तुला काहीतरी विचारत होता, बहुतेक पाणी हवं का. तू मान हलवलीस, चष्मा पुसलास, शर्टाच्या टोकाने, जे तू आम्हाला कधी करू दिलं नाहीस. मग तू परत आलास. जिना चढून, तोंड धुऊन, त्याच जागी येऊन बसलास आणि म्हणालास, "सांग, कधी येतो जास्त?"

दादा, परत येणं हेच सगळं असतं. बाहेर जाणारे खूप बघितले आहेत मी. आई जाते, बाप जातो, मित्र जातात. त्यातले बरेच परत येतात ते तोंडावर दुसराच चेहरा लावून, हवापाण्याच्या गप्पा मारत. तू पुढचा प्रश्न घेऊन आलास. त्यावर तो जवळजवळ तासभर बोलला. मी ऐकलं नाही, स्वयंपाकघरात नळ सोडून बसले होते. पाण्याचं बिल तुला पाठवीन.

बिघडलं काही नाही. तू गेल्यावर तो बारा तास झोपला. आणि तू आणलेल्या फळांपैकी अर्धी संपली आहेत.

बहीण

९ एप्रिल

दादा,

तुझं पत्र काल आलं. हाताने लिहिलेलं, चक्क. मुद्दे मात्र आहेतच, सवय मोडत नाही. नववीतल्या त्या मुलीचं सगळं वाचलं. शेवटी तू विचारलंस, बरोबर केलं का. उत्तर शेवटी देणार नाही, आत्ताच देते. बरोबर केलंस.

मुलगी वाचनालयात आतून कडी लावून बसली. बाहेर दोन शिक्षिका दार वाजवताहेत, शिपाई दार तोडू का विचारतोय, पोरांची गर्दी. तुझ्या जागी पूर्वीचा तू असतास तर दाराबाहेरून एक आवाज टाकला असतास आणि तिने काय केलं असतं कुणास ठाऊक. तू गर्दी वर्गांत पाठवलीस. शिपायाला मागच्या खिडकीपाशी गुपचूप उभं केलंस, आत नजर ठेवायला, हे तर मीही सुचवलं असतं. पहिलीच्या पोरांचं बाक ओढून दाराला लागून बसलास. ते बाक तुझ्या वजनाने मोडलं नाही, हे शाळेचं नशीब. आणि सांगितलंस, मी इथे बसलोय, मला घाई नाही. मग बंद दारातूनच सरळ विचारलंस. ती हो म्हणाली. तू उठला नाहीस.

तू लिहिलं आहेस, 'मला पुढे काय बोलावं सुचेना, म्हणून मी आत कुठलं पुस्तक आहे ते विचारलं.' यापेक्षा चांगलं मला सुचलं नसतं. तिने नाव सांगितलं, तू म्हणालास ते फार कंटाळवाणं आहे, आणि ती आतून म्हणाली, हो ना. कडी तिथे उघडली, दादा. दाराची नंतर उघडली.

तिच्या आईला बोलावून घेतलंस, आई येईपर्यंत तिला एकटं सोडलं नाहीस, दवाखान्यात स्वतः बरोबर गेलास. आता पुढचं. तिला शाळेत परत येऊ दे, पण पहिल्या दिवशी पूर्ण वेळ नको. वर्गात कुणी काही बोललं तर काय म्हणायचं ते तिलाच विचारून ठरव. आणि दार वाजवणाऱ्या त्या दोन शिक्षिकांवर रागावू नकोस. त्याही घाबरल्या होत्या. त्यांना बसवून शिकव. हवं तर मी येते, सावकाशला घेऊन. शाळेचं चहापाणी चांगलं असेल तर तो दोन तास बोलेल, नसेल तर चार.

आता तुझ्या मुलाचं. जूनपासून तो पुन्हा वर्गात जायचं म्हणतोय, कमी विषय घेऊन. गोळ्या चालू आहेत. वाईट दिवस येतात, परवाच आला होता. त्याने स्वतः येऊन सांगितलं आणि आम्ही मिळून तो पार पाडला. असे आणखी येतील. येऊ देत, आता आम्हाला ते ओळखता येतात.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. मुलीचं नाव गाळून.  तो म्हणाला, परत वाच. बाकाचं वाक्य परत वाचलं. मग त्याने माझ्या हातून फोन घेतला आणि आत गेला. तुला माहीतच आहे, तू पलीकडे होतास. पण अलीकडे काय होतं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. त्याचा आवाज येत होता, तुझा नाही. बराच वेळ तो नुसता हं, हं म्हणत होता. मग थांबला. मला वाटलं, फोन ठेवला. आत डोकावले तर तो पलंगाच्या कडेवर बसला होता, फोन कानाला, डोळे मिटलेले, आणि अगदी हळू बोलत होता, आपण लहान मुलाला झोपवताना बोलतो ना तसं.

"रडा, बाबा. मी आहे फोनवर. मला घाई नाही."

मी परत गॅलरीत आले. तुझा फोन संपेपर्यंत सगळे कपडे दोनदा झटकून झाले होते.

तुझी,
बहीण